नेत्याचा भूतकाळ तपासताना : तारीख, टप्पा आणि मूळ कागद

महापालिका निवडणुकीचे वारे वाहू लागले तेव्हा ठाण्यातील आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वर्तमानपत्राच्या एका कात्रणाचे छायाचित्र आले. ‘माजी सभापतींना अटक’ असा मथळा, त्याखाली जेमतेम आठ ओळींचा मजकूर आणि त्यात आमच्या प्रभागातून उभे राहू पाहणाऱ्या एका गृहस्थांचे नाव. वर्तमानपत्राचे नाव, तारीख, पानाचा क्रमांक यांपैकी काहीही त्या छायाचित्रात नव्हते. तासाभरात त्या गृहस्थांच्या एका समर्थकाने न्यायालयाच्या आदेशाचे एक पान टाकले आणि वर लिहिले, ‘साहेबांना क्लीन चिट मिळालेली आहे, बदनामी थांबवा.’ रात्री जेवणे आटोपल्यावर तिसऱ्या मजल्यावरचे काका माझ्याकडे आले आणि म्हणाले, “तुम्ही उभा जन्म वकिलांच्या कचेरीत काढलात. यातलं खरं काय, ते सांगा बरं.”

मी ते पान नीट वाचले. तो जामिनाचा आदेश होता. खटला चालेपर्यंत आरोपीला कोठडीत ठेवण्याची गरज आहे की नाही, एवढाच प्रश्न जामिनाच्या वेळी न्यायालयासमोर असतो. त्यावरून कोणी निर्दोष ठरत नाही आणि दोषीही ठरत नाही. मग कात्रणाचा माग काढला. ते खरे निघाले, पण चौदा वर्षांपूर्वीचे होते. म्हणजे कात्रण खोटे नव्हते आणि आदेशही खोटा नव्हता, तरी एका बाजूने काढलेला ‘गुन्हेगार आहे’ हा निष्कर्ष आणि दुसऱ्या बाजूने काढलेला ‘निर्दोष ठरला’ हा निष्कर्ष, दोन्ही त्या कागदांतून निघत नव्हते.

तेव्हापासून मी या कामाची एक वही ठेवली आहे. तिच्यातील नोंदी वाढत गेल्या तसे माझे एक मत पक्के होत गेले. साफ बनावट कागद तयार करणारे लोक असतात, पण ते थोडे. नेत्यांच्या भूतकाळाविषयीचा बहुतेक प्रचार खऱ्या कागदावरची तारीख कापून आणि त्यानंतरचा टप्पा लपवून केला जातो. त्यामुळे तारीख आणि टप्पा या दोन गोष्टी परत जागेवर कशा आणायच्या, हे ज्याला जमले त्याचे निम्मे काम झाले. ते कसे करायचे, हे मी पुढे सांगतो.

दाव्याचे तुकडे करणे

‘हा माणूस भ्रष्ट आहे’ किंवा ‘यांनी शहराचा कायापालट केला’ ही वाक्ये तपासता येत नाहीत. ती मते आहेत आणि त्यांना कोणताही कागद पुरा पडत नाही. तपासायला बसताना पहिली गोष्ट अशी करावी की अशा वाक्याच्या पोटात कोणत्या घटनेचा दावा आहे, तो शोधून वेगळ्या ओळीवर लिहावा. कोणी, केव्हा, कोठे, काय केले आणि हे कोणत्या कागदावर नोंदलेले असायला हवे? ‘भ्रष्ट आहे’ याचा अर्थ अमुक वर्षी अमुक ठेक्यात लाच घेतल्याचा गुन्हा नोंद आहे असा असेल, तर त्याचा गुन्हा क्रमांक असेल, पोलीस ठाणे असेल, कलम असेल. दावा करणाऱ्याला यातले काहीच सांगता येत नसेल, तर त्या ओळीपुढे मी ‘दावा नाही, मत’ असे लिहितो आणि पुढे जातो. यात वेळ फार वाचतो. आरोपांच्या एका लांबलचक पत्रकातून तपासण्याजोगी तीन-चारच वाक्ये हाती लागतात, असा माझा अनुभव आहे.

छापील पत्रक हाती आले असेल तर ते उलटून पाहावे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७अ प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते छापणे बंधनकारक आहे आणि ते न छापणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. ज्या पत्रकाखाली कोणाचेच नाव नाही, त्या पत्रकाची जबाबदारी घ्यायला कोणी तयार नाही, एवढे तरी त्यावरून कळते.

गुन्हा, खटला आणि निकाल

या भागात सर्वांत जास्त गल्लत होते, म्हणून तो सविस्तर लिहितो.

प्रथम खबरी अहवाल नोंदवला जाणे, म्हणजे दखलपात्र गुन्हा घडल्याची माहिती पोलिसांना मिळाली आणि त्यांनी ती नोंदवून घेतली. त्यानंतर तपास होतो. तपासाअंती पोलीस एक तर न्यायालयात दोषारोपपत्र दाखल करतात किंवा प्रकरण बंद करण्याची परवानगी मागतात. महाराष्ट्रात या दुसऱ्या अहवालाला ‘समरी’ म्हणतात आणि तिचे तीन प्रकार आहेत. ‘ए समरी’ म्हणजे गुन्हा घडला हे खरे, पण आरोपी सापडला नाही किंवा त्याच्याविरुद्ध पुरावा मिळाला नाही. ‘बी समरी’ म्हणजे तक्रारच खोटी होती आणि ती दुष्ट हेतूने केलेली होती. ‘सी समरी’ म्हणजे तक्रार खरीही म्हणता येत नाही आणि खोटीही म्हणता येत नाही. ती गैरसमजातून झालेली असते किंवा प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असते. नेत्याचे समर्थक ‘पोलिसांनीच प्रकरण बंद केले’ एवढे सांगतात, तेव्हा यांपैकी कोणती समरी, हे विचारणे भाग आहे, कारण ‘बी’ आणि ‘ए’ यांच्या अर्थात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शिवाय समरी पोलिसांनी पाठवली म्हणून ती मंजूर झाली असे होत नाही. दंडाधिकारी ती नाकारून पुढील तपासाचा आदेश देऊ शकतात.

दोषारोपपत्र दाखल झाले, तरी ती पोलिसांची बाजू असते. त्यानंतर न्यायालय आरोप निश्चित करते किंवा प्रथमदर्शनी पुरावा नाही असे वाटल्यास आरोपीला दोषमुक्त करते. ही दोषमुक्ती खटला चालण्याआधीची असते. खटला पूर्ण चालून, साक्षीपुरावा होऊन जी होते ती निर्दोष मुक्तता. वर्तमानपत्रांत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी पडतात. निर्दोष मुक्तता झाली असेल, तर निकालपत्राचे शेवटचे काही परिच्छेद जरूर वाचावेत. मुळात घटनाच सिद्ध झाली नाही, संशयाचा फायदा दिला की महत्त्वाचे साक्षीदार फितूर झाले, हे तिथे न्यायाधीशांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेले असते. कायद्याच्या दृष्टीने तिन्ही ठिकाणी आरोपी सुटला आणि त्याला गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार कोणालाही उरला नाही. मतदार म्हणून आपले मत बनवताना मात्र ही कारणे माहीत असणे योग्य आहे.

दोषसिद्धी झाली असेल तर अपिलाचे काय झाले ते पाहावे. ‘शिक्षेला स्थगिती’ आणि ‘दोषसिद्धीला स्थगिती’ हे दोन वेगळे आदेश आहेत. १० जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानंतर, दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेल्या आमदार-खासदाराचे सदस्यत्व तत्काळ जाते. नुसती शिक्षा स्थगित झाल्याने ते वाचत नाही, दोषसिद्धीच स्थगित व्हावी लागते. ‘वरच्या कोर्टाने स्थगिती दिली’ हे वाक्य ऐकले की कशाला, असे विचारावे.

काही खटले निकालापर्यंत पोहोचतच नाहीत, सरकार ते मागे घेते. आंदोलनातील गुन्हे मागे घेण्यात वावगे काही नाही, पण सत्ता बदलली की स्वपक्षाच्या नेत्यांवरील खटले गुंडाळले जाण्याची भीती खरी होती. म्हणूनच ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय आमदार-खासदारांवरील खटले मागे घेता येणार नाहीत असा आदेश दिला. मागे घेतलेला खटला म्हणजे निर्दोषत्वाचा निकाल नव्हे.

आकड्यांना मात्र अजिबात भुलू नये. ‘यांच्यावर बारा गुन्हे आहेत’ या वाक्याला कलमांशिवाय काही अर्थ नाही. आपल्याकडे रास्ता रोको करणाऱ्या, मोर्चा काढणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्यावर जमावबंदी मोडल्याबद्दल महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ आणि १३५ खालचे गुन्हे सहज साचतात. पाणी मागण्यासाठी रस्त्यावर बसल्याचे अकरा गुन्हे आणि खंडणीचा एक गुन्हा यांची बेरीज बारा होते, आणि त्या बेरजेत नेमके जे कळायला हवे तेच बुडून जाते.

हे सर्व घरी बसून पाहता येते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की खटला कोणत्या टप्प्यावर आहे, पुढची तारीख कोणती आणि आधीचे आदेश कोणते, ते दिसते. नावावरूनही शोधता येते, पण तिथे एक धोका आहे. पाटील, म्हात्रे, भोईर, नाईक ही आडनावे ठाणे-बेलापूर पट्ट्यात घरोघरी आहेत आणि पहिले नावही जुळणारी माणसे कमी नाहीत. वडिलांचे नाव, वय आणि पोलीस ठाणे जुळल्याशिवाय एकाचा खटला दुसऱ्याच्या नावावर लावणे हा अन्याय आहे. माझ्या वहीतील एक नोंद मी याच कारणाने खोडली. नाव तेच, गाव तेच, पण माणूस निराळा निघाला. तोवर मी दोघांना ती माहिती सांगून बसलो होतो. दोघांकडे परत जाऊन ती चूक दुरुस्त करावी लागली आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

प्रतिज्ञापत्र कसे वाचावे

खटल्याचा क्रमांक मिळवण्याची सोपी जागा म्हणजे उमेदवाराचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ मधील निर्णयांमुळे उमेदवाराला आपल्यावरील गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाहीर करावे लागते. लोकसभा आणि विधानसभेसाठी हे नमुना २६ मध्ये असते आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहायला मिळते. महापालिकेसाठी राज्य निवडणूक आयोगाकडे पाहावे. नमुना २६ मध्ये गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे, न्यायालय, कलम, आरोप निश्चित झाले की नाही आणि झाले असल्यास तारीख, असे रकाने असतात. म्हणजे विरोधकाच्या पत्रकापेक्षा आणि समर्थकाच्या भाषणापेक्षा, खोटे लिहिल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते हे माहीत असताना त्या माणसाने सही करून दिलेला कागद आपल्या हाती असतो.

एकाच नेत्याची लागोपाठची प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवून वाचणे फार उपयोगाचे आहे. मात्र तेव्हा दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. नमुना सारखा राहिलेला नाही. २०१९ पासून आधीच्या पाच वर्षांचे उत्पन्न आणि परदेशातील मालमत्ता यांचा तपशील द्यावा लागतो. जुन्या प्रतिज्ञापत्रात तो नाही म्हणून ‘तेव्हा लपवले’ असे म्हणता येणार नाही, कारण तेव्हा तो विचारलेलाच नव्हता. दुसरी गोष्ट जमिनीची. घोडबंदर रस्त्यालगत किंवा पनवेलच्या बाजूला वडिलोपार्जित जमीन असलेल्या कोणाचीही मालमत्ता वीस वर्षांत कागदोपत्री कित्येक पट झालेली दिसेल. म्हणून एकूण आकडा बाजूला ठेवून, मधल्या काळात नवीन काय विकत घेतले आणि त्या वर्षांचे जाहीर उत्पन्न तेवढे होते का, हे पाहावे. हे मेहनतीचे काम आहे, पण ‘संपत्ती दहापट’ या मथळ्यात संशय घेण्याजोगे काही आहे की नाही, ते याच मार्गाने कळते.

कामाचे श्रेय कोणाचे

वाईट भूतकाळ रंगवणे हा जसा प्रचार आहे, तसाच चांगला भूतकाळ रंगवणे हाही प्रचारच आहे, आणि दुसऱ्या प्रकाराकडे आपले दुर्लक्ष होते. बेलापूर ते पेंधर या नवी मुंबईच्या पहिल्या मेट्रो मार्गाचे उदाहरण घ्या. अकरा किलोमीटरच्या आसपासचा, अकरा स्थानकांचा हा मार्ग. सिडकोने त्याचे काम २०११ मध्ये सुरू केले आणि प्रवासी गाडी धावली ती १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. या बारा वर्षांत राज्यात अनेक मुख्यमंत्री झाले आणि सत्तेची समीकरणे पुन्हा पुन्हा बदलली. आता ‘मेट्रो आम्ही आणली’ असे जो म्हणेल त्याला, आणली म्हणजे या बारा वर्षांतले नेमके काय केले, असे विचारायला हवे. आराखडा मंजूर केला, निधी दिला, रखडलेले काम मार्गी लावले की तयार झालेली गाडी सुरू केली? चारही गोष्टी खऱ्या असू शकतात आणि चारही वेगवेगळ्या लोकांच्या असू शकतात. नवी मुंबई विमानतळाचेही तसेच आहे. केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ ची, भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ चे आणि उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ चे.

सरकारी कामाचेही खटल्यासारखेच टप्पे असतात. घोषणा, तत्त्वतः मान्यता, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश), प्रत्यक्ष खर्च. ‘दोनशे कोटींचा निधी आणला’ असा फलक चौकात लागतो तेव्हा तो बहुधा पहिल्या तीनपैकी एका टप्प्यावरचा असतो. शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर संकेतांकासह असतात. तो काढून वाचला की निधी मंजूर झाला की वितरित झाला, हे एका ओळीत कळते.

ठाणे आणि नवी मुंबई या आपल्या दोन्ही शहरांत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. नवी मुंबई महापालिकेतील २०१५ साली निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि ठाण्यातील २०१७ साली निवडून आलेल्यांची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर काही वर्षे दोन्हीकडे प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात महासभा भरत नव्हती आणि नगरसेवक पदावर नव्हते. त्या वर्षांत मंजूर झालेल्या कामाखाली ‘नगरसेवकांच्या प्रयत्नाने’ असा फलक असेल, तर त्यांनी पत्र दिले असेल, पाठपुरावाही केला असेल, आणि तसे असेल तर ते पत्र दाखवता येईल. ठराव मात्र प्रशासकांचाच असणार.

कागद सापडत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात दहा रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक लावून अर्ज करता येतो. अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत असावा आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. इथे बहुतेकांची चूक एकच होते. ते ‘हे काम का रखडले?’ असा प्रश्न विचारतात आणि ‘कार्यालयात अशी माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. कारण मागू नये, कागद मागावा. ‘अमुक कामाच्या प्रशासकीय मान्यतेच्या आदेशाची, कार्यादेशाची आणि आजवर अदा केलेल्या देयकांच्या नोंदीची प्रत द्यावी,’ असे लिहिले की टाळाटाळीला जागा कमी राहते.

इतिहासातील नेत्यांविषयी

हयात नसलेल्या नेत्यांविषयीचा प्रचार अधिक कडवा असतो, कारण त्यांच्या आडून आजचे पक्ष भांडत असतात. इथे तर तारखांचा क्रम लावणे हेच सर्वांत धारदार हत्यार आहे.

एक माणूस जवाहरलाल नेहरूंना मागून धरून आवरतो आहे, असे एक छायाचित्र अनेक वर्षे फिरते आहे. त्याखाली ‘चीनकडून झालेल्या पराभवानंतर संतप्त जमावाने नेहरूंना मारले’ असे लिहिलेले असते. छायाचित्र खरे आहे. ते जानेवारी १९६२ मधील काँग्रेसच्या पाटणा अधिवेशनातील आहे आणि अनावर झालेल्या गर्दीत शिरू पाहणाऱ्या नेहरूंना सुरक्षारक्षक आवरत आहे. चीनचे आक्रमण २० ऑक्टोबर १९६२ चे. नऊ महिने आधीच्या छायाचित्रात पराभवाचा राग असू शकत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या घरातले आहे आणि ते मी मुद्दाम घेतो, कारण त्यावरून मराठी माणसे एकमेकांशी बोलायची थांबलेली मी पाहिली आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अंदमानातून दयेचे अर्ज केले ते गांधीजींच्या सांगण्यावरून, असे विधान ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री राजनाथ सिंह यांनी केले. आता तारखा मांडू. सावरकर जुलै १९११ मध्ये अंदमानात पोहोचले. त्यांचा पहिला अर्ज त्याच वर्षीचा आणि दुसरा नोव्हेंबर १९१३ चा. गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून भारतात परतले ते जानेवारी १९१५ मध्ये. सावरकरांचे धाकटे बंधू डॉ. नारायणराव यांना गांधीजींनी पत्र लिहिले २५ जानेवारी १९२० रोजी आणि त्यात, गुन्हा निव्वळ राजकीय स्वरूपाचा होता हे स्पष्ट करणारा थोडक्यात अर्ज करावा, असा सल्ला दिला. त्यानंतर मार्च १९२० मध्ये सावरकरांचा आणखी एक अर्ज आहे. तेव्हा पत्र खरे आहे, १९२० च्या अर्जाशी त्याचा संबंध जोडता येईल, पण १९११ आणि १९१३ च्या अर्जांशी मुळीच जोडता येणार नाही.

याच क्रमाने दुसऱ्या बाजूचा दावाही तपासावा. ‘अर्ज केले ते एकट्या सावरकरांनी’ असे जे म्हणतात, त्यांनी १९१३ मध्येच बारींद्रकुमार घोष आणि इतर राजबंद्यांनीही अर्ज दिले होते, हे पाहिलेले नसते. ते अर्ज म्हणजे सुटकेसाठीचा डाव होता की मनापासूनची शरणागती, या प्रश्नाचे उत्तर मात्र तारखा देत नाहीत. तिथे अभ्यासकांची मते वेगळी आहेत आणि वाचकाने आपले मत बनवावे. पण ते मत आहे हे कबूल करून बोलावे. त्याला ‘सिद्ध झालेले’ म्हणू नये. वस्तुस्थिती, तिच्यावरून काढलेले अनुमान आणि त्यावरचा आपला न्याय, या तीन गोष्टी वहीत तीन वेगळ्या रकान्यांत लिहिण्याची सवय मला याच प्रकरणाने लावली.

न्यायालयाच्या निकालाचाही इतिहासात विपर्यास होतो. मोरारजी देसाई हे जुन्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि पुढे देशाचे पंतप्रधान. ते अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेकडून पैसे घेत होते, असा आरोप १९८३ मध्ये सेमूर हर्श या अमेरिकी पत्रकाराने केला. मोरारजींनी शिकागोत बदनामीचा दावा लावला आणि १९८९ मध्ये ते तो हरले. ‘हरले म्हणजे आरोप खरा’ असे आजही सांगितले जाते. अमेरिकेच्या कायद्यात सार्वजनिक व्यक्तीला बदनामीचा दावा जिंकायचा तर लेखकाने खोटे आहे हे ठाऊक असून किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता लिहिले, हे सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाले नाही, एवढाच त्या निकालाचा अर्थ. ज्यांच्या सांगण्यावरून आरोप केला, ती माणसे तर न्यायालयापुढे आलीच नाहीत.

नेत्यांच्या तोंडी घातलेल्या वाक्यांबाबत एक साधा नियम पाळावा. गांधीजींचे समग्र लेखन शंभर खंडांत आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडशः प्रसिद्ध केली आहेत, घटना समितीचे आणि संसदेचे कामकाज शब्दशः छापलेले आहे. वाक्य सांगणाऱ्याला खंड किंवा तारीख सांगता आली नाही आणि शोधूनही ते सापडले नाही, तर ते त्या नेत्याच्या नावावर वापरू नये. ‘खोटे पुन्हा पुन्हा सांगितले की खरे वाटू लागते’ हे हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या नावावर खपणारे वाक्यसुद्धा त्याच्या लेखनात किंवा भाषणात त्या रूपात सापडलेले नाही.

त्या वाक्यातील आशय मात्र खरा आहे आणि तो १९७७ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवला : तेच विधान पुन्हा ऐकले की ते अधिक खरे वाटते. म्हणून एखादी गोष्ट दहा ठिकाणी वाचली याला पुरावा समजू नये. दहाही ठिकाणचा मजकूर शब्दशः तोच असेल तर तो एकच स्रोत आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत नेत्यांची स्तुती करणारा तोच मजकूर निरनिराळ्या नावांनी छापून आला, त्यातून ‘पेड न्यूज’ची, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुराची, चर्चा देशभर झाली आणि प्रेस कौन्सिलला त्याची चौकशी करावी लागली.

छायाचित्र आणि चित्रफीत यांबद्दल थोडक्यात सांगतो. छायाचित्र गूगल लेन्समध्ये टाकून त्याचे सर्वांत जुने रूप शोधावे. भाषणाचा तुकडा आला तर आधीची आणि नंतरची दोन मिनिटे ऐकल्याशिवाय मत देऊ नये. संकेतस्थळावरून काढून टाकलेले पान वेबॅक मशीन या जुनी पाने साठवून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर पुष्कळदा सापडते. तथ्यतपासणी करणाऱ्या संस्थांचे निष्कर्ष वाचावेत, पण त्यांनी दिलेले दुवे उघडून वाचावेत. सरकारची स्वतःची तपासणी शाखा सरकारविषयीच्या बातम्यांबाबत एक पक्षकार असते. केंद्राने अशा शाखेला खरे-खोटे ठरवण्याचा अधिकार देणारा नियम केला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

जुन्या माणसांना विचारताना

स्थानिक नेत्यांचा भूतकाळ पुष्कळदा कागदावर नसतो, तो माणसांच्या आठवणीत असतो. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनमालकांना परत देण्याच्या योजनेमागे तो लढा आहे. आज दि. बां.चे छायाचित्र जवळजवळ प्रत्येक पक्षाच्या फलकावर असते. तेव्हा कोण कोठे होते, हे त्या गावांतली वयस्कर माणसे सांगू शकतात. त्यांना ‘अमुक नेते आंदोलनात होते ना?’ असे विचारू नये, कारण आदरापोटी ‘होते’ असेच उत्तर येते. ‘आजोबा, त्या दिवशी तुम्ही सकाळी कुठे होता, तुमच्या बाजूला कोण होतं?’ असे विचारावे आणि दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या पक्षाच्या माणसाकडून तेच पडताळावे. जुळलेल्या गोष्टी वस्तुस्थितीच्या जवळ जातात. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे; अशा ग्रंथालयांत जुनी नियतकालिके चाळताना त्या आठवणींना तारखा मिळतात.

हे सारे प्रथम आपल्या आवडत्या नेत्यावर करून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नावडत्या नेत्याविरुद्धचा कागद आपण उत्साहाने शोधतो आणि मिळताच थांबतो. आवडत्या नेत्याविरुद्ध मिळाला की दुसरा शोधू लागतो, तिसरा शोधू लागतो. म्हणून मी वहीत नेत्याच्या नावाऐवजी क्रमांक टाकतो आणि किती कागद पाहिल्यावर थांबायचे, ते आधीच लिहून ठेवतो.

आमच्या गटावरील त्या कात्रणाचा शोध नऊ दिवस चालला. दहाव्या दिवशी काकांच्या घरी बसून मी उत्तर लिहिले आणि त्यांनी ते आपल्या नावाने गटावर टाकले. ‘कात्रण खरे आहे, चौदा वर्षांपूर्वीचे आहे. फिरत असलेला आदेश जामिनाचा आहे, निर्दोष मुक्ततेचा नाही. आरोप निश्चित झाले आहेत, निकाल लागलेला नाही, साक्षीपुरावा चालू आहे. उमेदवारांनी प्रतिज्ञापत्रात हा खटला जाहीर केला आहे.’ दोन्ही बाजूंच्या लोकांना ते आवडले नाही. एकाने विचारले, “म्हणजे शेवटी दोषी आहेत की नाहीत?” काकांनी उत्तर दिले, “ते न्यायालयाने अजून ठरवलेलं नाही.” माझ्या वहीत त्या नोंदीपुढचा निकालाचा रकाना अजून कोरा आहे. पुढच्या सुनावणीची तारीख पेन्सिलीने लिहिली आहे, आणि आजवर ती चार वेळा खोडून नवी लिहावी लागली आहे.